एरिक कार्लची कुठली पुस्तकं घ्यायची आणि कुठली नाही घेतली तरी चालेल

आधीच सांगते, एरिक कार्लची सगळी पुस्तकं घ्यायच्या भानगडीत पडू नका. या माणसाने लहान मुलांसाठी चित्रांची 70 च्या वर पुस्तकं केली आहेत, काही स्वतः लिहून स्वतःच चित्रं काढलेली आणि काही दुसऱ्यांच्या मजकुराला चित्रं दिलेली, त्यात अफाट भारी आहेत तशी एकदा वाचून कपाटात ठेवली तर परत कोणी मागणार नाही अशीही आहेत, आणि वैताग म्हणजे कव्हरवरून काही कळत नाही. सगळीकडे तेच झगझगीत रंग, भरपूर पांढरी मोकळी जागा आणि मधोमध एखादा प्राणी. मग वाढदिवसाला काय द्यायचं म्हटलं की लोक हाताला येईल ते उचलतात आणि नंतर म्हणतात छान आहे, पण एवढं काय आहे त्यात.

आहे, पण सगळ्यांत नाही. माझ्या मुलीसाठी आणि बहिणीच्या मुलांसाठी मिळून यातली बरीच घरात आली, काहींचे कोपरे चावून झाले, काही चिकटपट्टीवर जगतायत, आणि ती परत परत वाचून माझं पक्कं मत झालंय. जिथे कार्लने कागदालाच गोष्टीत काम दिलंय, म्हणजे भोक, घडी, लहानमोठी पानं, हाताला लागणारी रेघ असलं काहीतरी, तिथे त्याच्या जवळपास कोणी येत नाही. जिथे नुसतं चित्र आणि खाली एक ओळ आहे तिथे तो चांगला आहे, बस. खाली जे लिहितेय ते याच हिशोबाने.

सुरवंटापासूनच सुरू करू कारण बहुतेकांनी तेवढंच पाहिलेलं असतं. 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' 1969 चं आहे. 5 कोटींच्या वर प्रती खपल्या, 60 हून जास्त भाषांत गेलं वगैरे सगळं खरंय पण ते आकडे बाजूला ठेवा आणि पुस्तक हातात धरून बघा. चांदण्यात पानावर एक अंडं, रविवारी सकाळी ऊन पडतं आणि त्यातून इवलासा भुकेला सुरवंट बाहेर येतो. मग सोमवार येतो आणि ते पान पूर्ण रुंदीचं नाहीच, एका सफरचंदापुरतं चिंचोळं. मंगळवारचं थोडं रुंद कारण नासपती दोन, बुधवारी तीन प्लम, गुरुवारी चार स्ट्रॉबेऱ्या, शुक्रवारी पाच संत्री, आणि प्रत्येक फळात एक गोल आरपार भोक. म्हणजे आज कालच्यापेक्षा एक जास्त खाल्लं हे डोळ्याला तर दिसतंच पण हातालाही कळतं, पान पकडायला हात लांब न्यावा लागतो. ज्या पोराला अजून एक-दोन-तीन म्हणता येत नाही त्यालाही हे कळतं. भोकात बोट घालायचं, पलीकडून बाहेर आलं की खिदळायचं, बोटच सुरवंट झालेलं असतं, गोष्ट वाचणारा बिचारा तिथेच ताटकळतो.

हे सुचलं कसं तर कार्ल पंचिंग मशीनने कागदांच्या गठ्ठ्याला भोकं पाडत होता आणि त्याच्या डोक्यात पुस्तक कुरतडणारा किडा आला. आधी खरंच विली नावाचा एक किडाच होता गोष्टीत. त्याची संपादक अ‍ॅन बेनेड्यूस, तिला तो किडा काही फारसा आवडेना, सुरवंट घेतला तर, असं तिने सुचवलं आणि तिथे फुलपाखरू जन्माला आलं. विचार करा, विली राहिला असता तर शेवटी काय झालं असतं त्याचं, अजून जाडा किडा? संपादकाला बालसाहित्यात काय काम असतं असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगते. आणि पुढची कटकट म्हणजे एवढी भोकं, एवढ्या मापांची पानं, अमेरिकेत परवडेल असं छापून द्यायला कोणी तयार होईना, शेवटी पुस्तक जपानमध्ये छापून घेतलं.

मग शनिवारचं ते पान. चॉकलेट केक, आइस्क्रीम कोन, लोणच्याची काकडी, स्विस चीज, सलामी, लॉलीपॉप, चेरी पाय, सॉसेज, कपकेक, कलिंगडाची फोड, दहाच्या दहा ओळीने मांडलेत आणि सगळ्यांना भोकं. आठवडाभर फळं खाऊन भूक जात नाही आणि शनिवारी हे सगळं खाऊन रात्री पोट दुखतं. इथे बऱ्याच आया आणि बाबा लोकांना 'बघ, असलं खाल्लं की काय होतं' सुरू करायचा मोह होतो, प्लीज करू नका. कार्ल स्वतः तिथे अर्धं वाक्य जास्त थांबत नाही, दुसऱ्या दिवशी परत रविवार, एक छानसं हिरवं पान खातो, बरं वाटतं, पुढे. खाल्लेलं सगळं अंगी लागून तो जाडजूड होतो, कोशात जातो, दोन आठवड्यांहून जास्त तिथे राहतो आणि मग भोक पाडून बाहेर. शेवटचं फुलपाखरू दोन पानं भरून आहे. तिथे भोक नाही आणि काही कापलेलंही नाही, आणि ते बरोबरच आहे कारण खायचं काम संपलंय.

हे पुस्तक घ्याच, यात वाद नाही. फक्त भोकं आणि पायऱ्यापायऱ्यांची पानं असलेली आवृत्ती आहे ना ते बघून घ्या. आणि मोबाईलवर कोणीतरी पानं उलटत वाचून दाखवतंय असले व्हिडिओ दाखवून 'आमच्याने वाचून झालंय' म्हणू नका, भोक स्क्रीनवर नुसता काळा ठिपका दिसतो, पुस्तकातली अर्धी गोष्ट त्यात जाते.

आता चित्रांबद्दल, कारण लोकांना वाटतं हे ब्रशने रंगवलेलं आहे. नाही. कार्ल आधी पातळ टिश्यू पेपर, आपल्या पतंगाच्या कागदासारखा, तो अ‍ॅक्रिलिकने रंगवायचा, त्यावर ब्रशने, बोटाने, स्पंजने, कार्पेटच्या तुकड्याने वगैरे रेघा आणि ठिपके उठवायचा. असे रंगवलेले कागद रंगांप्रमाणे ड्रॉवरमध्ये लावून ठेवलेले असायचे, आणि मग चित्र करायची वेळ आली की त्यातून आकार कापून एकावर एक चिकटवायचा. म्हणून त्याच्या प्राण्याच्या अंगात कधी एकच सपाट रंग नसतो, हिरव्यात पिवळं असतं, त्यावरून कसलेतरी ओरखडे गेलेले असतात, आणि कडा मात्र कात्रीने कापल्यासारख्या स्वच्छ. मुलांना हे सांगितलं की ती लगेच 'आपण करूया' म्हणतात आणि खरंच करता येतं, जमिनीवर रद्दी पसरा, कागद रंगवा, वाळू द्या, दुसऱ्या दिवशी कापा. रंगवलं त्याच दिवशी कापायला घेतलं तर रडारड होते, कागद फाटतो. आमच्याकडे त्यातून निघालेला प्राणी कुठला ते अजून ठरलेलं नाही, पण चित्र काढता येत नाही म्हणून रुसणाऱ्या मुलीने आपणहून कात्री घेतली हे मला पुरलं.

माणसाची स्वतःची गोष्टही जरा सांगते कारण ती पुस्तकांत झिरपलेली आहे. जन्म 1929, अमेरिकेतलं सिरॅक्यूज. आईवडील जर्मन. सहा वर्षांचा असताना कुटुंब परत जर्मनीत श्टुटगार्टला गेलं आणि पुढे युद्ध लागलं. वडिलांबरोबर तो रानात फिरायचा, ते दगड उचलून, झाडाची साल बाजूला करून खाली काय वळवळतंय ते दाखवायचे, त्या किड्यांबद्दल सांगायचे आणि परत जागच्या जागी ठेवून द्यायचे. ते वडील सैन्यात ओढले गेले, रशियनांच्या कैदेत पडले आणि 1947 मध्ये परत आले ते खंगूनच. हे कळल्यावर त्याच्या पुस्तकांत एवढे किडे का आहेत, आणि एकाही किड्याकडे तो 'शी' म्हणून का बघत नाही ते वेगळं समजवावं लागत नाही.

शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांचा किस्सा तर मला फारच आवडतो. नाझींनी ज्या चित्रकारांवर बंदी घातलेली, त्यांच्या चित्रांच्या प्रिंट्स या मास्तरांनी त्याला घरी बोलवून गुपचूप दाखवल्या. असल्या चित्रकारांपैकी एक फ्रान्झ मार्क, ज्याने निळे घोडे रंगवले. पुढे 1967 च्या 'ब्राउन बेअर, ब्राउन बेअर, व्हॉट डू यू सी?' मध्ये कार्लचा घोडा निळा आणि मांजर जांभळं आहे, आणि 2011 मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, त्याने 'द आर्टिस्ट हू पेंटेड अ ब्लू हॉर्स' नावाचं अख्खं पुस्तकच त्या निळ्या घोड्यासाठी केलं. त्यात लाल मगर आहे, पिवळी गाय आहे, आणि मजकूर म्हणाल तर जवळपास नाहीच. खरं सांगायचं तर पुस्तक म्हणून ते मला पातळ वाटलं, मागची हकीकत माहीत असेल तर डोळ्यात पाणी येतं आणि माहीत नसेल तर ते चुकीच्या रंगांचे प्राणी, एवढंच. मुलांना त्या हकीकतीशिवायही आवडतं म्हणा, 'गाय अशी नसते' असं ओरडायला मिळतं. लायब्ररीत मिळालं तर आणा, विकत घेण्याइतकं नाही.

'ब्राउन बेअर'चा मजकूर कार्लचा नाही, तो बिल मार्टिन ज्युनियरचा. कार्ल तेव्हा जाहिरातींची कामं करायचा, त्याच्या एका जाहिरातीतला लाल लॉबस्टर बिल मार्टिनने पाहिला आणि म्हणाला चित्रं याच्याकडूनच. म्हणजे बघा, पहिलं मोठं काम मिळालं तेव्हा हा चाळिशीला आलेला होता. हे पुस्तक दीड-दोन वर्षांच्या पोरांसाठी एकदम बेस्ट आहे, पान उलटायच्या आधी पुढचा प्राणी ओरडायचा खेळ आपोआप तयार होतो. त्याची सगळी मजा ठेक्यात आहे त्यामुळे मराठीत वाचताना शब्दाला शब्द लावत बसू नका, आपला आपला ठेका धरा आणि रेटून म्हणा, आम्ही टाळ्या वाजवत म्हणतो. याचीच पुढे ध्रुवीय अस्वल, पांडा वगैरे भावंडं आली. ध्रुवीय अस्वलवालं आवाजांचं आहे म्हणून वेगळं वाटतं, बाकीची नाही घेतली तरी काही बिघडत नाही.

आता माझं सगळ्यात लाडकं. सुरवंटापेक्षाही लाडकं, हो. 'द ग्राउची लेडीबग', 1977 चं (ब्रिटनमध्ये 'द बॅड-टेम्पर्ड लेडीबर्ड' नावाने मिळतं, दोन्ही एकच आहेत, चुकून दोन घेऊ नका). एक चिडका लेडीबग, म्हणजे तो ठिपक्याठिपक्यांचा लाल किडा, सकाळी सकाळी झाडाच्या पानावरचा मावा (पानांना चिकटलेले बारीक किडे) खायला येतो, तिथे दुसरा गरीब स्वभावाचा लेडीबग आलेला असतो, तो म्हणतो वाटून खाऊ, याला वाटायचं नाही, याला भांडायचंय. तो 'बरं बाबा, एवढंच असेल तर' म्हणून तयार होतो तशी याची हवा निघते आणि 'तू माझ्या मापाचा नाहीस' म्हणून हा उडून जातो, मोठं कोणीतरी शोधायला. सहा वाजता गांधीलमाशी, मग भुंगा, चिमणी, लॉबस्टर, अजगर, तरस, गोरिला, गेंडा, हत्ती वगैरे, दर तासाला एक, आणि प्रत्येकाला तोच प्रश्न, भांडायचंय का, आणि समोरच्याने दात किंवा शिंगं दाखवली की तेच उत्तर, तू लहान पडतोस.

कार्लने इथे काय केलंय, तर प्राणी मोठा होत जातो तसं पान मोठं होत जातं. गांधीलमाशीचं पान एवढुसं, पुढचं त्याहून मोठं, अक्षरंही वाढत जातात. प्रत्येक पानावर कोपऱ्यात घड्याळ आहे आणि सूर्य आहे, सूर्य वर चढतो आणि दुपारनंतर खाली यायला लागतो. वाचणाऱ्याचा आवाजही आपोआप मोठा होतो, मी हत्तीपर्यंत येईस्तोवर शेजारी ऐकू जाईल एवढी ओरडत असते. आणि लेडीबग मात्र सगळ्या पानांवर तेवढाच. मग पाच वाजता देवमासा येतो आणि तो मावतच नाही, त्याला पानंच्या पानं लागतात. हा त्याच्या बाजूच्या पंखाला विचारतो, काही उत्तर नाही, पाठीवरच्या पंखाला विचारतो, काही नाही, शेवटी शेपटीला विचारतो आणि शेपटी एक फटका देते. तेवढाच, रागाने वगैरे पण नाही. ते शेपटीचं पान जोरात उलटायचं ही घरातल्या सगळ्यात लहान मुलाची ड्यूटी असते. फटक्याने उडून हा परत त्याच पानावर येऊन पडतो, भिजलेला, दमलेला, भुकेला, आणि तो दुसरा लेडीबग म्हणतो, तुझ्यासाठी थोडा मावा ठेवलाय.

चिडक्या पोराला 'शेअर कर, शेअर कर' म्हणून डोकं उठवण्यापेक्षा हे वाचा. यात कोणी त्याला रागावत नाही, सॉरी म्हणायलाही लावत नाही, फक्त दिवस जातो आणि त्याची भूक आणि तो दोघंच उरतात. घड्याळ शिकवायलाही चालतं असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, चालतं, पण त्यासाठी म्हणून घेऊ नका, मजा जाईल. साडेतीन-चार वर्षांच्या पुढेच घ्या, लहान पोरांना मजकूर लांब पडतो आणि लहानमोठी पानं फाटतात.

'व्हेरी'वाली जी मालिका आहे त्यातला कोळी, 'द व्हेरी बिझी स्पायडर', 1984. कुंपणाच्या खांबावर कोळी जाळं विणायला घेतो आणि शेतावरचे प्राणी एकेक येऊन विचारतात, घोडा म्हणतो रपेट मारायची का, गाय म्हणते गवत खायचं का, डुक्कर म्हणतं चिखलात लोळायचं का. कोळी कोणालाच उत्तर देत नाही, कामात आहे. आणि दर पानावर जाळ्याचा एक धागा वाढतो, तो कागदावर खरोखर उठून आलेला आहे, डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळतो. जाळं कुठवर आलं ते बोटांनी बघता येतं त्यामुळे ज्या मुलांना दिसत नाही त्यांच्याबरोबर वाचायला तर हे फारच चांगलं. शेवटी कोंबडा विचारतो, माशी पकडायची का, आणि तेवढ्या एकाच प्रश्नाला कोळी उत्तर देतो, तेही न बोलता, माशी पकडून. ती माशी आधीच्या पानांवर इकडेतिकडे फिरत असते, शोधायला लावा. मोठ्यांना वाचताना थोडा कंटाळा येतो, प्रत्येक पानावर तीच वाक्यं आहेत, पण लहानांना तीच हवी असतात. छोट्या मापाच्या आवृत्तीपेक्षा मोठी घ्या, बोट फिरवायला जागा लागते.

रातकिडा, 'द व्हेरी क्वाएट क्रिकेट', 1990. सगळे किडे त्याला हाय हॅलो करतात, याला उत्तर द्यायचंय, पंख घासतो पण आवाजच फुटत नाही. प्रत्येक पानावर हेच. मध्ये एक पान येतं जिथे एक मोठा हिरवट पतंग, फुलपाखरासारखा किडा, नुसता रात्रीतून तरंगत जातो, तोही काही बोलत नाही, आणि रातकिड्याला ती शांतता आवडते. बस एवढंच, पण माझ्या मते कार्लच्या सगळ्या पुस्तकांतली ही सगळ्यात सुंदर जागा आहे. मग शेवटी त्याला एक रातकिडी भेटते, तीही शांत, हा परत पंख घासतो आणि शेवटचं पान उघडलं की पुस्तकातून खराखुरा किर्रकिर्र आवाज येतो. आत चिप बसवलेली आहे. हल्ली आवाजाची पुस्तकं ढिगाने मिळतात, दर पानाला बटणं, दाबत सुटायचं, इथे मात्र अख्खं पुस्तक त्या एका आवाजाची वाट बघायला लावतं, म्हणून तो आला की मुलं दचकतात आणि मग तेच पान उघडबंद करत बसतात. फक्त मजकूर वाचताना घाई करू नका, शेवटचं पान उघडायच्या आधी थोडं थांबा.

याच चालीवर 1995 मध्ये काजवा आला, 'द व्हेरी लोनली फायरफ्लाय', शेवटच्या पानावर छोटे दिवे लुकलुकतात. दिवे छान आहेत, अंधार करून बघायला मजा येते, पण गोष्ट रातकिड्याचीच आहे, फक्त आवाजाच्या जागी उजेड. दिवा, मेणबत्ती, कंदील, मांजराचे डोळे, गाडीचे दिवे असं करत काजवा आपली माणसं (आपले काजवे) शोधतो. रातकिडा घरात असेल तर काजवा राहू द्या, दोन्हीतलं एकच घ्यायचं असेल तर रातकिडा.

'पापा, प्लीज गेट द मून फॉर मी', 1986. मोनिका नावाच्या मुलीला चंद्र हवाय, बाबा लांबच लांब शिडी आणतो आणि ती शिडी खरंच लांब आहे, पान डावीकडे उजवीकडे उघडत जातं. मग शिडी डोंगरावर ठेवतो, पान वर उघडतं. चंद्रापाशी पोचतो तर चंद्र एवढा मोठा की घडी उलगडल्यावर तो मांडीवर मावत नाही, पुस्तक जमिनीवर ठेवावं लागतं. चंद्र म्हणतो, मी रोज थोडा लहान होतो, तेव्हा ये. बाबा थांबतो, चंद्र बारीक झाल्यावर खाली घेऊन येतो, मोनिका खेळते, आणि तो बारीक होत होत नाहीसा होतो, काही दिवसांनी आकाशात परत. आपल्याकडे चंद्रासाठी हट्ट करणारं मूल आणि त्याला कशानेतरी भुलवणारे मोठे आहेतच, इथला बाबा भुलवत नाही, सरळ आणून देतो, ते मला आवडलं. आता तक्रार. घड्या फाटतात. फाटतातच. दोन वर्षांच्या मुलाच्या हातात एकट्याने देऊ नका, घड्यांच्या मागून आधीच पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवा, कुरूप दिसतं पण टिकतं.

फारसं नाव ऐकू येत नाही पण जरूर शोधावं असं म्हणजे 'डू यू वाँट टू बी माय फ्रेंड?', 1971. जवळजवळ शब्दच नाहीत. एक उंदीर मित्र शोधतोय, प्रत्येक पानावर पुढच्या प्राण्याची फक्त शेपटी दिसते, पान उलटलं की अख्खा प्राणी. कोणाला याच्याशी दोस्ती करायची नसते. आणि सगळ्या पानांच्या तळाशी एक हिरवा पट्टा चाललेला असतो ज्याकडे कोणी लक्ष देत नाही, गवत किंवा जमीन समजतो आपण. तो काय आहे ते इथे सांगत नाही, पण पहिल्यांदा कळल्यावर माझ्या भाच्याने पुस्तक हिसकावून घेऊन पहिल्या पानापासून बोट फिरवत नेलं. यात कापाकापी नाही, घड्या नाहीत, तरी पान उलटणं हीच इथे गोष्ट आहे. शब्द नसल्यामुळे कुठल्याही भाषेत चालतं आणि आजोबांनाही वाचून दाखवता येतं, त्यांच्या प्रत्येक वेळच्या गोष्टीत उंदराचं नाव वेगळं असतं.

'फ्रॉम हेड टू टो', 1997, हे खरं म्हणजे बसून वाचायचं पुस्तकच नाही, जिराफ मान वाकवतो, गोरिला छाती बडवतो, मांजर पाठ कमानीसारखी करतं, आणि दर वेळी विचारतात तुला जमतं का. पावसाळी दुपारी जीव वाचवतं. झोपताना काढू नका.

'द टायनी सीड', 1970, बद्दल पालकांना थोडी सूचना. वारा बिया उडवत नेतो आणि वाटेत एकेक संपत जाते, एक उन्हात जळते, एक बर्फात पडते, एक समुद्रात बुडते, एक पक्षी खातो, पुढे रोपटंही कोणाच्यातरी पायाखाली येतं. कार्ल हे सगळं अगदी शांतपणे सांगतो. काही मुलांना त्रास होतो, माझी मुलगी बुडालेल्या बीवर अडून बसली होती की तिला बाहेर कोणी काढणार. मला हे पुस्तक त्यामुळेच आवडतं, पण मजकूर जास्त आहे, पाच-सहाच्या पुढे घ्या.

'मिस्टर सीहॉर्स', 2004, नवीन बाबा झालेल्या मित्राला द्यायला याच्यासारखं दुसरं नाही. समुद्रघोड्यात पिल्लांची पिशवी नराला असते, तो पोहत जातो आणि वाटेत दुसरे बाबा मासे भेटतात, कोणी तोंडात अंडी सांभाळतोय, कोणी डोक्यावर. मध्ये मध्ये पारदर्शक प्लास्टिकची पानं आहेत, त्यावर शेवाळ किंवा खडक छापलेले, आणि ते पान उलटलं की मागे लपलेला मासा दिसतो. लपणं आणि उलटणं इथे परफेक्ट जुळलंय. शेवटी एक पिल्लू परत पिशवीत शिरायला बघतं आणि बाबा प्रेमाने नाही म्हणतो.

न जमलेलं म्हणाल तर 'द मिक्स्ड-अप कॅमेलिऑन'. सरडा प्राणिसंग्रहालयात जातो आणि याच्यासारखं व्हावं, त्याच्यासारखं व्हावं करत करत अंगावर सगळ्यांचे तुकडे चढतात, कडेला पानांना खाचा आहेत त्यात रंग आणि प्राणी दिसतात. कल्पना मस्त आहे, पण पान इतकं गच्च होतं की लहान मुलाला बघायचं कुठे तेच कळत नाही, आणि जे सांगायचंय ते शेवटी तोंडाने सांगून टाकलंय. मोठ्या मुलांबरोबर चित्र काढायला बसायचं असेल तर ठीक.

आणि आता खरं काय टाळायचं. कार्ल 2021 च्या मे महिन्यात गेला, 91 व्या वर्षी. त्याच्या दोन वर्षं आधी, 2019 मध्ये, त्याच्या सगळ्या कामाचे हक्क पेंग्विन रँडम हाउसने घेतले. बाजारात सुरवंटाचं चित्र असलेली ढीगभर पुस्तकं आहेत, प्रेमावरचं, वाढदिवसाचं, नाताळचं, रंगांचं, आकड्यांचं, झोपेचं. यातल्या बहुतेकांत जुन्या पुस्तकांतली चित्रं उचलून नवीन ओळींखाली लावलेली असतात. चित्रं अर्थातच सुंदर आहेत, त्यामुळे वाईट दिसत नाहीत, पण पानाला काही कामच नाही, सुरवंट नुसता कोपऱ्यात बसलेला, काही खात नाही. बाळाच्या दुपट्यावर, डब्यावर, पिशवीवर तो आला तर माझी हरकत नाही, पुस्तकात मात्र त्याला भूक लागलेली असावी. कव्हर बघून घेऊ नका, आत लेखक म्हणून काय लिहिलंय आणि पहिलं प्रकाशन कुठल्या सालचं आहे ते बघा.

बोर्ड बुक (जाड पुठ्ठ्याच्या पानांचं) की मोठं हार्डबाउंड, हे खूप जण विचारतात. दोन वर्षांच्या आत असेल तर सुरवंट आणि 'ब्राउन बेअर' बोर्ड बुकमध्येच, चावलं तरी चालतं. पण लेडीबग, चंद्र आणि सीहॉर्स मोठ्या मापातच घ्या, लहान मापात पानांचा फरकच जाणवत नाही आणि मग ते पुस्तक का केलंय तेच कळत नाही. सेकंडहँड चालत असेल तर खुशाल घ्या, छपाई चांगली असते, रंग फारसे उतरत नाहीत, फक्त चंद्राच्या घड्या उलगडून बघा आणि सुरवंटाची चिंचोळी पानं सगळी आहेत ना ते मोजून घ्या, सोमवार बऱ्याचदा गायब असतो. रातकिडा जुना घेत असाल तर तिथेच उभं राहून शेवटचं पान उघडा आणि कानाशी धरा, आवाज येत नसेल तर भाव पाडून मागा, आणि तो किर्रकिर्र घरी आल्यावर तुम्हालाच तोंडाने करावा लागेल याची तयारी ठेवा.